कपाशीच्या काड्या आणि केळीचे खांब: एन्झाइमला आत वाट कशी करून द्यायची?

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. शेतातल्या टाकाऊ मालातल्या सेल्युलोजची साखर करायची आणि ती यीस्टने आंबवायची, असा त्याचा बेत. त्याने कपाशीच्या काड्या आणि केळीचे खांब वाळवून दळून घेतले. कापड-रसायनांच्या दुकानातून आणलेलं सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, घालून ५० अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवलं, पण साखर जवळजवळ नाहीच. मग २ टक्के सल्फ्युरिक आम्लात ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवलं, तर साखर मोजायच्या डीएनएस चाचणीत आकडा भरपूर आला, पण त्या रसात यीस्ट काही केल्या वाढेना. शेवटी २ टक्के कॉस्टिक सोडा वापरला. काड्यांना फरक पडला, केळीला पडला नाही. आता त्याला दोन्हींना चालेल अशी एकच पूर्वप्रक्रिया, म्हणजे एन्झाइम घालण्याआधी माल मोकळा करायची पद्धत, हवी आहे.

अशी एक नाही भाऊ. आणि तुमचे तीनही प्रयोग वाया गेलेले नाहीत. नीट वाचले तर उत्तर त्यातच आहे. फक्त तुम्ही प्रत्येक वेळी शेवटचा आकडा पाहिलात, माल पाहिला नाहीत.

आधी काडी बघू. आपल्याकडे थंडीत शेतावर भरीत करतात तेव्हा वांगी कशावर भाजतात? कपाशीच्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. त्या वासात मोठा वाटा लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचा आहे. लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल, सिरिंगॉल असले पदार्थ धुरात उतरतात. भरिताला चव देणारी हीच गोष्ट तुमच्या एन्झाइमच्या वाटेत आडवी येते. कपाशीची काडी म्हणायला शेतातला कचरा, पण आतून लाकूडच आहे. कोरड्या वजनाच्या साधारण पाव भाग लिग्निन असू शकतं. सेल्युलोजचे धागे, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचा लेप आणि फटींमध्ये गच्च भरलेलं लिग्निन अशी ती बांधणी. सेल्युलेजचा रेणू सुमारे ५ नॅनोमीटरचा असतो आणि कच्च्या काडीतली बहुतेक छिद्रं त्याहून लहान असतात. दार उघडंच नाही, मग पाहुणा ४८ तास बाहेर थांबला काय आणि ९६ तास थांबला काय!

पण सगळा दोष लिग्निनवर टाकू नका. त्याच झाडाचा कापूस घ्या. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, लिग्निन जवळपास नसतंच. तरी तोही एन्झाइमला सहज पचत नाही, कारण त्यातल्या साखळ्या एकमेकींना इतक्या शिस्तीत चिकटलेल्या असतात की एन्झाइमला टोक सापडायलाच वेळ लागतो. म्हणजे अडथळे दोन: बाहेरचं कुंपण आणि आतली घट्ट वीण. कोणत्या मालात कोणता अडथळा मोठा, हे ठरवणं म्हणजेच पूर्वप्रक्रिया निवडणं.

दळण्याबद्दल एवढंच की पीठ करण्यात अर्थ नाही. साधारण २ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकं पुरे. त्याहून बारीक केल्याने विजेचं बिल वाढतं, त्या मानाने साखर वाढत नाही. बॉल मिलमध्ये तासन्‌तास घोटलं तर वीण मोडते हे खरं, पण ते प्रयोगशाळेतलं सुख आहे. कपाशीच्या बाबतीत खरा त्रास निराळाच. काडीची साल ताग-अंबाडीसारखी चिवट असते. ओलसर काडी कडबाकुट्टीत घातलीत तर आतला गाभा तुकडे होऊन खाली पडतो आणि सालीच्या दोऱ्या शाफ्टला गुंडाळून बसतात. मग मशीन बंद करा, कोयत्याने त्या कापून काढा, पुन्हा सुरू करा. काडी कडकडीत वाळू द्या, हाताने मोडताना आवाज आला पाहिजे. आणि दळलेला सगळा माल एकत्र कालवून मगच नमुना घ्या. नाहीतर एका बरणीत गाभा जास्त, दुसरीत साल जास्त, आणि तुम्ही म्हणणार की पद्धतीमुळे फरक पडला.

आता आम्ल की अल्कली? दोघांची कामं वेगळी. पातळ गरम आम्ल हेमिसेल्युलोज तोडून पाण्यात उतरवतं. लिग्निन बहुतेक जागेवरच राहतं, थोडं वितळून थेंबांच्या रूपात पुन्हा धाग्यांवर बसतं. कॉस्टिक सोडा लिग्निन विरघळवतो, हेमिसेल्युलोजला लटकलेले अॅसिटिल गट तोडतो आणि धागा फुगवतो. कपाशीच्या काड्यांवर या दोन्हींची समोरासमोर तुलना अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात झाली होती, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. २ टक्के सल्फ्युरिक आम्ल, १२१ अंश, ९० मिनिटं: हेमिसेल्युलोजमधलं ९५ टक्के झायलान निघून गेलं, पण पुढे एन्झाइमने सेल्युलोजचं ग्लुकोज झालं फक्त २४ टक्क्यांच्या आसपास. २ टक्के कॉस्टिक, तेच तापमान, तेवढाच वेळ: लिग्निन सुमारे ६६ टक्के निघालं आणि रूपांतर ६१ टक्क्यांच्या घरात गेलं. तुम्हाला काड्यांवर जे दिसलं ते हेच. लाकडासारख्या मालात लिग्निन हलवल्याशिवाय भागत नाही. वर ते नुसती वाट अडवत नाही, एन्झाइमला स्वतःला चिकटवूनही घेतं. ट्वीन २० हे साबणासारखं द्रव्य थोडं घातलं की रूपांतर वाढलेलं दिसतं, ते बऱ्याच अंशी या चिकटण्याला आळा बसल्यामुळे.

याचा अर्थ आम्ल वाईट असा काढू नका. मक्याची दाणे काढलेली कणसं घ्या, धुळ्या-जळगावात त्यांना तोटा नाही. त्यांत झायलान भरपूर आणि लिग्निन काडीपेक्षा कमी, म्हणून तिथे पातळ आम्ल छान चालतं आणि उतरलेली झायलोज (झायलान तुटून होणारी साखर) वापरायची सोय असेल तर दुप्पट फायदा. कारखान्यांत आम्ल वापरतात तेही १२१ अंशांना तासभर नव्हे, १५० ते १९० अंशांना काही मिनिटं. कॉलेजच्या ऑटोक्लेव्हमध्ये ते जमत नाही, म्हणून आपल्या प्रयोगांत आम्ल असतं त्याहून दुबळं दिसतं.

यीस्ट का वाढलं नाही? डीएनएस सगळ्याच क्षपणकारी साखरा मोजतं. तुम्ही पाहिलेला मोठा आकडा मुख्यतः झायलोजचा होता आणि नेहमीचं बेकरीचं किंवा दारूचं यीस्ट झायलोज आंबवत नाही. शिवाय त्या रसात अॅसिटिक आम्ल होतं आणि झायलोज जास्त तापल्याने झालेलं फुरफुराल होतं. ऑटोक्लेव्ह उघडल्यावर कडवट बदामासारखा वास आला होता का? तो त्याचाच. हे दोन्ही यीस्टला जाचक. तो रस चुन्याने पीएच १० पर्यंत नेऊन, गाळून, परत साडेपाचावर आणला तर विष बरंच कमी होतं. पण झायलोज तिथेच राहते आणि यीस्ट तिला तोंड लावत नाही. यापुढे ग्लुकोज वेगळं मोजा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. रक्तातली साखर तपासायला पॅथॉलॉजीवाले जे ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजचं किट वापरतात तेच आणा. नमुना पुरेसा पातळ करून घ्या, नाहीतर लिग्निनचा तपकिरी रंग घोळ घालतो.

केळी हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे आणि मला वाटतं तुमची खरी चूक इथे झाली. कांदेबागेच्या केळीची कापणी झाल्यावर रावेर-यावलच्या बांधावर पडलेला खांब उचलून पाहा. पन्नास किलोच्या खांबात कोरडा माल निघतो तीन-चार किलो. बाकी पाणी, आणि त्या पाण्यात पोटॅश, थोड्या मोकळ्या साखरा, चिकट द्रव्यं. लिग्निन कपाशीपेक्षा बरंच कमी, राख मात्र भरपूर. आसामात केळीच्या राखेपासून स्वयंपाकाचा खार करतात तो उगीच नाही.

ही राख आम्ल खाते. हिशेब करून बघा. १०० ग्रॅम कोरडा माल १ लिटर १ टक्का आम्लात टाकला तर आम्ल साधारण १० ग्रॅम, म्हणजे ०.२ तुल्यांक. मालात ४ ग्रॅम पोटॅशियम क्षारीय रूपात असेल तर ०.१ तुल्यांक आम्ल तिथेच संपलं. वहीत १ टक्का लिहिलेलं, प्रत्यक्षात काम केलं अर्ध्याने. तुमच्या २ टक्क्यांतूनही असाच वाटा गेला असेल. म्हणून केळीचा खांब आधी पिळा. रसवंतीचा चरक मिळाला तर त्यातून दोनदा काढा, मग पाण्याने धुवा, मग पुढचं बघा. पिळलेला रस फेकू नका. तो पातळ करून बागेला देता येतो, त्यातला पोटॅश शेवटी त्याच मातीतून आलेला आहे.

आणि कॉस्टिकने फरक का पडला नाही? मला तीन शक्यता दिसतात. पहिली: तुमच्या कच्च्या मालाच्या बरणीत केळीच्या स्वतःच्या मोकळ्या साखरा होत्या. त्या डीएनएसमध्ये मोजल्या गेल्या आणि प्रक्रिया केलेल्या मालातून धुऊन गेल्या, त्यामुळे दोन्ही आकडे सारखे दिसले. एन्झाइम न घातलेली बरणी ठेवली होती का? आणि नुसत्या एन्झाइमची? बाजारी एन्झाइममध्येही साखर घातलेली असते. दुसरी: केळीचा लगदा स्पंजासारखा. वरून पाणी स्वच्छ दिसलं तरी आत कॉस्टिक धरून बसतो. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा द्राव, ४.८ चा घातला म्हणून बरणीतला पीएच ४.८ होत नाही. माल पडल्यावर तासाभराने पुन्हा मोजा, साडेसहा निघाला तर मला नवल वाटणार नाही. तेवढ्यात हे एन्झाइम जवळपास झोपी जातं.

तिसरी शक्यता: प्रक्रियेनंतर तुम्ही लगदा वाळवला असेल. याला मी स्वतः बळी पडलेलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी काड्यांचा लगदा कॉस्टिकने असा सुंदर केला होता की हातात घेतला तर ओल्या कापसासारखा लागायचा. वजन नेमकं घेता यावं म्हणून सगळा लगदा रात्रभर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला. सकाळी त्याचे पुठ्ठ्यासारखे कडक तुकडे झाले होते. ते दळले, एन्झाइम घातलं, आणि रूपांतर आदल्या आठवड्याच्या निम्म्यावर आलं. मी आठ दिवस एन्झाइमच्या बाटलीला दोष देत होतो. शेवटी एका जुन्या प्रयोगशाळा सहायकाने विचारलं, "साहेब, मे महिन्यात दोरीवरचा टॉवेल कसा होतो?" जळगावच्या उन्हात वाळलेला टॉवेल अंगाला घासून बघा. धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि पाणी घातलं तरी पहिल्यासारखे फुलत नाहीत. पूर्वप्रक्रियेने उघडलेली छिद्रं वाळवताना अशीच मिटतात. म्हणून प्रक्रियेनंतरचा लगदा कधीही वाळवायचा नाही. पिळून, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवायचा. त्यातला चिमूटभर वेगळा वाळवून ओलाव्याचं प्रमाण काढायचं आणि त्यावरून ओल्या मालाचं वजन ठरवायचं.

आता एन्झाइम. कापड-रसायनांच्या दुकानातून आणलं म्हणता, तर ते बहुधा कापडाला गुळगुळीत करण्यासाठीचं किंवा जीन्सचा रंग उडवण्यासाठीचं असणार. त्याचं काम धाग्यावरची लव काढणं, धागा खाणं नव्हे. त्यात साखळी मधेच तोडणारं एन्डोग्लुकॅनेज जास्त आणि साखळीच्या टोकापासून तोडत जाणारं सेलोबायोहायड्रोलेज कमी असतं. डब्यावर युनिट मोठे लिहिलेले असतात, पण ते सीएमसी या विरघळणाऱ्या पदार्थावर मोजलेले. तुम्हाला हवेत फिल्टर पेपरचे युनिट. ही पद्धत दिल्ली आयआयटीच्या टी. के. घोष यांनी १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून लिहून ठेवली आणि आजही जगभर तीच चालते. व्हॉटमन नंबर १ ची १ बाय ६ सेंटिमीटरची, सुमारे ५० मिलिग्रॅमची पट्टी, ५० अंश, एक तास. २ मिलिग्रॅम ग्लुकोज सोडायला जितकं एन्झाइम लागतं त्यात ०.३७ युनिट आहेत असं धरायचं. सेल्युलोजच्या दर ग्रॅमला १५ ते २० युनिट घालून तुलना करा. एन्झाइम ट्रायकोडर्मा रीसीचं असेल तर त्यात बीटा-ग्लुकोसिडेज थोडं कमी पडतं, त्याने फोडायची सेलोबायोज (दोन ग्लुकोजची जोडी) साठते आणि पुढचं काम अडतं. अॅस्परजिलस नायजरचं थोडं घातलं की मोकळं होतं. ही ट्रायकोडर्मा बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं कापडी सामान कुजवत होती, तिथून ती सापडली. कापसाच्याच कापडावर पोसलेली!

काड्यांसाठी तुम्ही करायची गोष्ट अशी: २ टक्के कॉस्टिक, मालाच्या दहापट द्राव, १२१ अंशांना तास-दीड तास, मग नायलॉनच्या कापडातून गाळून पीएच सातच्या जवळ येईपर्यंत धुणं. ऑटोक्लेव्ह रिकामा नाही म्हणून घरच्या कुकरमध्ये करू नका. तो अॅल्युमिनियमचा असला तर कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. केळीला पिळून-धुऊन झाल्यावर अर्धा ते १ टक्का कॉस्टिक पुरेल, तापमानही कमी चालेल. चुनाही करून बघा. मालाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चुना आणि भरपूर पाणी. तो पाण्यात फारसा विरघळत नाही म्हणून काम सावकाश, खोलीच्या तापमानाला काही आठवडे लागतात. पण स्वस्त आहे, हाताळायला तुलनेने सोपा आहे आणि आपल्या उन्हाळ्यात तापमान फुकट मिळतं. ढिंगरीसारखी बुरशी वाढवून लिग्निन कमी करण्याबद्दलही लोक विचारतात. होतं, पण बुरशीही जेवते. आठवडे जातात आणि साखरेचा काही भाग तिच्या पोटात जातो.

कॉस्टिकचं काळं पाणी मात्र शेतात सोडू नका. तापीकाठच्या काळ्या जमिनीत सोडियम साठला की काय होतं ते चोपण जमिनीवाल्या शेतकऱ्याला विचारा.

आता हिशेब, कारण प्रबंधात परीक्षक इथेच धरतील. समजा १०० ग्रॅम कोरड्या काडीत ३८ ग्रॅम सेल्युलोज होतं. कॉस्टिकनंतर ६५ ग्रॅम माल उरला, त्यात सेल्युलोज ३६ ग्रॅम. त्यातलं ६० टक्के फुटलं म्हणजे २१.६ ग्रॅम. फुटताना प्रत्येक कडीला पाणी जोडलं जातं म्हणून १.११ ने गुणा: ग्लुकोज २४ ग्रॅम. विद्यार्थी सहसा लिहितात "३७ टक्के उतारा", कारण ते २४ ला ६५ ने भागतात. शेतकऱ्याकडून तुम्ही १०० ग्रॅम आणले होते, ६५ नव्हे. केळीत हा घोळ आणखी मोठा होतो, कारण तिथे धुण्यात आणि अल्कलीत निम्म्याच्या आसपास माल निघून जाऊ शकतो. उरलेल्याचं रूपांतर ८० टक्के आलं तरी मूळ मालावर आकडा साधाच असतो. प्रत्येक पायरीला उरलेलं वजन, त्यातलं सेल्युलोज आणि धुण्यात गेलेलं लिहून ठेवा. माझ्या मते ज्या प्रबंधात हा तक्ता नाही त्यातले बाकीचे आलेख पाहू नयेत.

शेवटी तुम्ही विचारलं नाही पण विचारणार आहात ते: जिल्ह्यात असा प्रकल्प निघेल का? भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाला, रोज १०० किलोलिटर क्षमतेचा. म्हणजे तंत्र आहे. पण केळीच्या खांबापासून इथेनॉल मला पटत नाही. ट्रॅक्टरने पाणी वाहायचं आणि मग डिझेलचा हिशेब करत बसायचं. त्याचा धागा काढा, बायोगॅसला द्या, कंपोस्ट करा. कपाशीच्या काड्यांचं तसं नाही. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड न घेता, म्हणजे हंगामानंतर तेच पीक पुढे न ठेवता, वेळेत शेत मोकळं करायला सांगतातच, त्यामुळे काडी एकाच हंगामात, एका जागी, कोरडी मिळते. अडचण एवढीच की तिला ब्रिकेटवाल्यांकडून, म्हणजे जळणाच्या दाबलेल्या विटा करणाऱ्यांकडून, आधीच मागणी आहे.

आधी दुकानातल्या त्या एन्झाइमवर फिल्टर पेपरची चाचणी करा. पट्टी तासाभरात अंगठ्याने दाबल्यावरही सुटत नसेल तर डबा बाजूला ठेवा. मग न वाळवलेल्या लगद्याच्या तीन बरण्या लावा, पीएच दोनदा मोजा, आणि आकडे मूळ १०० ग्रॅमवर काढून पाठवा.